बीटला फुटलेली शेपटी

होल्मडाल गावात बढाई मारणं हा चोरीपेक्षा मोठा गुन्हा. चोराला निदान कुणी विचारतं तरी, की बाबा, का केलीस? बढाईखोराला कुणी काही विचारत नाही, नुसतं त्याच्या कपात कॉफी ओतायचं थांबवतात. पीक छप्पर फाडून आलं तरी म्हणायचं, "वाईट नाही." मेलेला माणूस उठून बसला तरी, "वाईट नाही." मिनेसोटाच्या त्या कोपऱ्यात कौतुकाला याच्यापुढे शब्दच नाही. आणि एखादी गोष्ट अगदीच डोक्यात गेली, तर मान जराशी तिरकी करून म्हणायचं, "वेगळंच आहे." ही तिथली सगळ्यात जहाल शिवी. ती ऐकून माणसं गाव सोडून गेलीत.

पण शेवटी माणूसच तो! पोटात मावत नाही ते कुठून तरी बाहेर पडणारच. त्यासाठी होल्मडालकरांनी एक वाट मोकळी ठेवली होती, गाडीची मागची काच. पोराच्या कॉलेजचा स्टिकर तिथं खुशाल लावावा. कारण बोलली ती गाडी. आपण कुठं काय बोललो?

व्हर्लिन रॉडविक या काचेसाठी अठरा वर्षं थांबला होता, म्हणजे त्याची पोरगी ब्रिटा पाळण्यात होती तेव्हापासून. तो काउंटीचा बर्फ ढकलायचा ट्रक चालवायचा. स्वतःचाही एक जुना ट्रक होता, त्याची मागची काच कोरी. आणि त्याचा मेहुणा गॅलन, बायकोचा धाकटा भाऊ, तीन वर्षं चर्चसमोर गाडी अशी लावायचा की प्रार्थना आटपून दारातून बाहेर पाऊल टाकलं की थेट डोळ्यांत त्याच्या पोराच्या, कोलच्या, महागड्या खाजगी कॉलेजचा स्टिकर. व्हर्लिनच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. पण म्हणणार काय? "वाईट नाही," एवढंच म्हणायचा.

मार्चअखेर ब्रिटाला पूर्वेकडच्या अ‍ॅशकोम्ब कॉलेजात प्रवेश मिळाला. शंभरात चार पोरं घेतात तिथं! कोलच्या कॉलेजच्या चार पायऱ्या वर. व्हर्लिन "बरं झालं" म्हणाला, गॅरेजमध्ये गेला, दार लावून घेतलं आणि एकटाच नाचला. बायकोने, रेनेने, ते खिडकीतून पाहिलं आणि बटाटे सोलत राहिली.

आठवड्यात टपालाने स्टिकर आला. पंजा उगारलेला सोनेरी सिंह. पोरीने कुठं जायचं ते ठरवायला एक मेपर्यंत मुदत होती, ती अजून हो म्हणाली नव्हती. पण बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, तसा व्हर्लिनने सिंह काचेला चिकटवूनसुद्धा टाकला. मग त्याचं ट्रक चालवणं बघण्यासारखं झालं. मागच्याला नीट वाचता यावं म्हणून इतका सावकाश, की एकदा एक ट्रॅक्टर त्याला मागे टाकून गेला. धुवायची तर फक्त मागची काच.

"पुढचीही धू कधीतरी," रेने म्हणाली. "रस्ता दिसतो तिच्यातून."

एप्रिलमध्ये बापलेक अ‍ॅशकोम्ब आणि प्रेअरी स्टेट, प्रवेश मिळालेली दोन्ही ठिकाणं बघून आली. अ‍ॅशकोम्बला एका मुलीने तासभर उलट्या पावलांनी चालत सगळं दाखवलं, कशालाही न धडकता. "परीक्षेच्या दिवसांत मुलांचा ताण हलका व्हावा म्हणून आम्ही इथं लामा आणतो," ती म्हणाली.

"लामा? म्हणजे जनावर?" व्हर्लिनने विचारलं.

"हो, कुरवाळायला."

व्हर्लिन खलास. काय ते कॉलेज! लामा!

प्रेअरी स्टेट हे सरकारी विद्यापीठ, घरापासून दीड तासावर. तिथला मुलगाही उलटा चालला आणि सायकलींच्या रांगेत जाऊन पडला. वारा असा, की कान उडावेत. त्या मुलखात साखरेचं बीट पिकतं, म्हणून विद्यापीठाचा मॅस्कॉट, म्हणजे मिरवायचं सोंग, बीट : कुणीतरी पोरगा आत शिरलेला, दोन माणसांएवढा घेर, रागाने आवळलेल्या भुवया, हातात मुष्टियुद्धाचे हातमोजे. हे बीट लांबून व्हर्लिनला बघून धावत आलं आणि त्याने त्याला घट्ट मिठी मारली. सोडेचना! भाजीपाल्याने इतकी सलगी करावी? व्हर्लिनला संताप आला. ब्रिटा तेवढ्यात एका प्राध्यापिकेबरोबर मातीचे थर बघायच्या खड्ड्यात उतरली होती. तासाभराने वर आली ती नाकाला चिखल, आणि हसू असं की तोंडात मावेना. ते हसू व्हर्लिनने पाहिलं. आणि पाहिलंच नाही असं ठरवून टाकलं.

एप्रिल संपत आला तरी पोरगी तोंड उघडेना. एका शनिवारी दुपारी स्वयंपाकघरात दोघंच समोरासमोर बसली होती, मधे ताटात लिंबाची शेवटची वडी. आता होल्मडालात ताटातली शेवटची वडी कुणी अख्खी उचलत नाही. हावरटपणा दिसतो. अर्धी कापून घ्यायची, अर्धी ठेवायची. मग दुसऱ्याने त्या अर्धीची अर्धी. असं तासभर चालतं.

ब्रिटाने अर्धी कापली. "बाबा, ट्रकवरचा तो सिंह."

"कुठला सिंह?" व्हर्लिन म्हणाला.

"अरे, ताटाएवढा सोनेरी सिंह आहे!"

"अच्छा, तो." व्हर्लिनने अर्धीतली अर्धी कापली. "वाईट नाही."

"निघतो का रे तो?"

सुरी हवेतच थांबली.

"मला प्रेअरी स्टेटला जायचंय," ब्रिटा एका दमात म्हणाली.

"त्या बीटकडे?"

"त्या बीटकडे."

"अगं, तिकडे लामा आहे, ब्रिटा!"

"पोरं रडतात म्हणून लामा आणतात, बाबा. मला न रडता शिकायचंय. आणि सगळी सवलत धरून वर्षाला पन्नास हजार डॉलर! तू पंच्याहत्तरीपर्यंत बर्फ ढकलत बसशील."

"बर्फ काय, पडतोच. कुणीतरी ढकलायलाच हवा."

"आणि मी तिथं बसून तुझ्या कमरेची काळजी करू? मला मातीच शिकायचीय ना, मग तिकडची माती काय सोन्याची आहे? त्या खड्ड्यात मी तासभर होते, मला कळलंही नाही वेळ कसा गेला."

वडीचा आता तांदळाएवढा कण उरला होता. दोघंही त्याच्याकडेच बघत होती. व्हर्लिनच्या डोळ्यांपुढून गॅलनची गाडी गेली, चर्चचं दार गेलं, अठरा वर्षं गेली. त्याची मान आपोआप तिरकी झाली.

"वेगळंच आहे," तो म्हणाला.

ब्रिटाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं आणि ती उठून गेली. दारात रेने उभी होती. "व्हर्लिन! स्वतःच्या पोरीला? लाज नाही वाटत?"

वाटत होती, पण शब्द तोंडातून सुटला होता. तो गॅरेजमध्ये गेला, रेनेचं केस वाळवायचं यंत्र आणि लोण्याची सुरी घेऊन सिंह खरवडू लागला. तोंड निघालं, आयाळ निघाली, पंजा निघाला. शेपटी काही निघेना. गरम करून बघितली, शिव्या घालून बघितल्या. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं म्हणतात, ते ऐकलं होतं. इथं डोळ्यांनी दिसलं.

"तिला अ‍ॅशकोम्ब मिळालं होतं, तिनेच नको म्हटलं, असं सांग की लोकांना," रेने म्हणाली.

"तोंडाने?" व्हर्लिन हादरलाच.

सोमवारी सकाळी एप्रिलचं शेवटचं वादळ आलं. गुडघाभर बर्फ. व्हर्लिन काउंटीचा ट्रक घेऊन निघाला, आणि गावाबाहेरच्या वळणावर त्याला गॅलनची गाडी दिसली. नाक खड्ड्यात, बूड आभाळात, आणि त्या बुडावर तो स्टिकर, मैलभरावरून वाचता येईल असा. जन्मात एवढी चांगली जागा त्या स्टिकरला मिळाली नव्हती.

गॅलन कुडकुडत व्हर्लिनच्या शेजारी येऊन बसला. दोघांनी थर्मासमधली कॉफी घेतली. काचेवर बर्फ आपटत होता.

"मग दाजी, अ‍ॅशकोम्ब ना? सिंह बघितला मी," गॅलन म्हणाला.

व्हर्लिनने थर्मासचं झाकण घट्ट लावलं. "नाही. प्रेअरी स्टेटला जातेय. तिलाच जायचंय."

गॅलनने कप खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. हसतोय की रडतोय, कळेना.

"कोलही तिथंच आहे," तो हातांच्या आडून म्हणाला.

"कुठं?"

"प्रेअरी स्टेटला. सव्वा वर्ष झालं. त्या कॉलेजात जीव रमेना पोराचा, आणि कर्जाने माझी झोप उडालेली. म्हटलं, ये बाबा परत. आता मजेत आहे अगदी."

"आणि तो स्टिकर?"

"काढवेना रे! तीन वर्षं मिरवल्यावर काढायचा कसा? लोक विचारतील. मी तर गाडी विकायला काढणार होतो." गॅलनने नाक पुसलं. "कोल म्हणत होता, तुम्ही बघायला आला होता तिकडे. तुला मिठी मारली त्याने."

"मला? कोण मिठी मारतंय मला? एक ते बीट तेवढं..." आणि व्हर्लिन थांबला.

"आत तोच असतो," गॅलन म्हणाला. "आतोबांना बघून राहवलं नाही म्हणाला."

मग व्हर्लिनला जे हसू फुटलं, ते ट्रकच्या भोंग्यावर डोकं टेकलं तरी थांबेना. भोंगा वाजतोय, गॅलन हसतोय, मागे अकरा गाड्या खोळंबल्यात, आणि कुणाला काही कळत नाही.

गाडी बाहेर ओढून काढल्यावर गॅलनने तिच्या कप्प्यातून एक पाकीट काढलं. आत बीटचे दोन स्टिकर, वर्षभर लपवलेले. एक त्याने व्हर्लिनच्या हातात ठेवला. "माझा तो जुना कसा निघेल रे?"

"केस वाळवायचं यंत्र घे," व्हर्लिन म्हणाला. "आणि शेपटीपासून सुरू कर."

संध्याकाळी तो ब्रिटाच्या खोलीच्या दारात उभा राहिला, हातात स्टिकर, टोपीवरून पाणी ठिबकतंय. "चुकलो मी, ब्रिटा. तुझं हसू बघितलं होतं मी तिथं. बघूनही न बघितल्यासारखं केलं. हा तूच लाव."

ब्रिटाने लावला तो नेमका शेपटीवर, ती झाकली जावी म्हणून. पण शेपटी लांब होती. बीटच्या उजव्या बाजूने ती ऐटीत बाहेर आली.

रविवारी चर्चसमोर दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या, दोघींचंही बूड दाराकडे, दोघींवरही रागावलेलं बीट. एकाला शेपटी. माणसं बाहेर पडायची, बघायची, पुढं जायची. शेवटी आर्डिस बाई आल्या. वय शहाऐंशी, गेली चाळीस वर्षं चर्चच्या कॉफीवर त्यांचीच सत्ता. हातात घरी न्यायचं ताट, त्यात उरलेली एकच वडी.

"व्हर्लिन, बीटला शेपटी कशी रे फुटली?"

सगळे थांबले. व्हर्लिनच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. ट्रकमध्ये बसलेली ब्रिटा सीटवरून हळूहळू खाली घसरली, नुसते डोळे वर राहिले.

"ती दुसऱ्या कॉलेजची आहे," व्हर्लिन म्हणाला, आणि मग ते तोंडातून आलंच, मोठ्याने, भर अंगणात, गावच्या सगळ्या कायद्यांना लाथ मारून. "शंभरात चार पोरं घेतात तिथं. माझ्या पोरीला घेतलं होतं. तिने नको म्हणून सांगितलं, कारण तिला काय शिकायचंय ते तिला ठाऊक आहे. माझ्यापेक्षा हुशार आहे ती. मला तिचा फार अभिमान वाटतो."

कुणी हलेना. गॅलन आपल्या बुटांकडे बघत होता. आर्डिस बाईंनी चष्मा सावरला, वाकून बीट बघितलं, शेपटी बघितली, मग ट्रकच्या खिडकीशी गेल्या.

"वाईट नाही," त्या म्हणाल्या.

आणि त्यांनी ताट आत सरकवलं. ब्रिटाने सवयीने सुरीसाठी इकडेतिकडे बघितलं.

"कापू नकोस गं," आर्डिस बाई म्हणाल्या. "अख्खी घे."