प्लास्टिकमधली चार जॅकेटं

मित्रांनो, मी एक जुनी मोटरबोट आहे. सिंगापूरच्या चांगी भागात, एका शेडच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली पडून असते. रंग उडालाय, इंजिन काढून नेलंय, पाणी पाहिलं त्याला तीन वर्षं झाली. पण माझं रडगाणं त्यासाठी नाही हो. मनात एक गोष्ट सलते आहे, तेवढी ऐका.

१९९५ साली पद्माकर काळसेकरांनी मला हौसेनं घेतलं. ते मूळचे रत्नागिरीचे, मरीन इंजिनिअर. बंदरात आलेली अजस्र जहाजं तपासायची, हे त्यांचं काम. एखाद्या लाइफ जॅकेटचा बंद तुटलेला दिसला, तरी कप्तानाची खरडपट्टी काढायचे. माझं मात्र कोण कौतुक! दर रविवारी गोड्या पाण्यानं अंघोळ, दसऱ्याला झेंडूची माळ. परवाना चोख, चार माणसांचा; म्हणून माणशी एक याप्रमाणे चार नवी जॅकेटं. मी अगदी फुशारून गेले होते.

ती जॅकेटं मात्र प्लास्टिकच्या पिशव्यांतून कधी बाहेर आलीच नाहीत. काळसेकरांच्या मरीन परेडच्या फ्लॅटमध्ये सोफ्यालाही प्लास्टिक आणि टीव्हीच्या रिमोटलाही. नवी वस्तू जपायची, ही त्या घरची शिस्तच. म्हणून जॅकेटं माझ्या बाकाखालच्या पेटीत गुपचूप पडून असायची.

पुढच्या वर्षी विनीतावहिनींचा धाकटा भाऊ प्रबोध पुण्याहून कॉम्प्युटरच्या नोकरीसाठी आला. एका रविवारी सगळे उबिन बेटावर निघाले. वहिनी म्हणाल्या, "अहो, प्रबोधला पोहता येत नाही. त्याला तरी जॅकेट घालू द्या."

"अगं, नवीकोरी आहेत ती, खाऱ्या पाण्यानं वाया जातील. आणि मी आहे ना! लाख-लाख टनांची जहाजं बघणारा माणूस मी. ही तर कागदाची होडी."

"टू हॉट लाह, बाबा!" जॅकेटात फार उकडतं, असं इथल्या इंग्रजीत सांगून त्यांच्या छोट्या लेकीनं, ईशानंही नाक मुरडलं. प्रबोध बिचारा हसून म्हणाला, "भाऊजी आहेत म्हटल्यावर कशाला काळजी, ताई?"

मित्रांनो, मला 'कागदाची होडी' म्हटल्याचा राग आला होता. तेवढ्याचाच आला, याची आज लाज वाटते.

अर्ध्या वाटेवर प्रबोध उभा राहिला. आईला पाठवायला त्याला एका जहाजाचा फोटो काढायचा होता. इतक्यात जवळून एक वेगवान बोट गेली, तिची लाट माझ्या कुशीवर आदळली आणि मी कलंडले. मी सावरले, पण प्रबोध पाण्यात गेला.

पद्माकरांनी झटकन पेटी उघडून जॅकेट फेकलं. पिशवीसकट! प्रबोधनं त्याला मिठी मारली. पण ओलं प्लास्टिक ते, हातात राहीना. दोनदा निसटलं. तिसऱ्यांदा त्याचा हातच वर आला नाही. पद्माकरांनी उडी मारली, पण प्रवाहानं त्याला लांब नेलं होतं. वहिनींची ती किंकाळी मी अजून विसरले नाही.

चौकशी झाली. अधिकाऱ्यानं विचारलं, "बोटीवर जॅकेटं किती होती?"

"चार."

"घातली किती जणांनी?"

"एकानंही नाही," पद्माकर म्हणाले. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो हाच. बोटीवर पाय ठेवणाऱ्या प्रत्येक जिवाला मालक जबाबदार असतो, हे ते रोज दुसऱ्यांना सांगत होते.

मला या शेडमध्ये आणून टाकल्यावर ते दोघं एकदाच आले. पद्माकरांनी चारही पिशव्या फाडल्या. पाण्यातून परत मिळालेल्या एकीवर नखांचे ओरखडे होते. त्यातलं जॅकेट त्यांनी अंगात घातलं, बंद करकचून आवळले आणि माझ्या बाकावर बसून लहान मुलासारखे रडू लागले.

"घातलं गं, विनू. बघ, घातलं मी."

वहिनी म्हणाल्या, "आता कोणासाठी, अहो?"

मित्रांनो, मला माळ नसली तरी चालेल, अंघोळही नको. तुमच्या घरी कधी बोट आली, तर आधी ती पेटी उघडा. पिशव्या फाडून फेका, एकमेकांचे बंद आवळा आणि मगच माझ्या बहिणीचा दोर सोडा.