यमनाप्पांनी लपवलेलं दुखणं

मी एक जुना हातमाग आहे, मित्रांनो. बेळगावच्या वडगावात, यमनाप्पांच्या मागल्या खोलीत उभा आहे. त्यांच्या वडिलांनी सागवान आणून मला घडवून घेतलं. गल्लीत पॉवरलूमचा खडखडाट सुरू झाला, तरी यमनाप्पांनी मला मोडीत काढलं नाही. ते आडव्या धाग्याचा धोटा फेकायचे, शेजारी त्यांच्या पत्नी बायाक्का सुताच्या कांड्या भरायच्या. माझ्यावरच्या साड्यांचे काठ बघून पार चिकोडीच्या बायका वाखाणायच्या.

मग यमनाप्पांना धाप लागू लागली. हृदयाची झडप कडक झाली होती. वय झालेलं, म्हणून छाती न उघडता मांडीतल्या रक्तवाहिनीतून नवी झडप बसवली. ती बसताना जुनी झडप बाजूला सरली आणि हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिनीचं तोंड बुजू लागलं. डॉक्टरांनी घाईनं तिथं स्टेंट, म्हणजे जाळीची बारीक नळी घातली. जीव वाचला.

ते परत माझ्यावर बसले तेव्हा मला वाटलं, संकट सरलं. पण काही महिन्यांनी विणता विणता त्यांचा हात छातीवर जाऊ लागला.

"दुखतंय काय?" बायाक्का विचारायच्या.

"पित्त हाय गं. ओवा दे वाईच."

त्या ओवा द्यायच्या. मला सगळं दिसत होतं, पण मला तोंड कुठलं?

एका सकाळी ते माझ्यावरच कलंडले. लेक सुवर्णानं त्यांना रिक्षातून दवाखान्यात नेलं. पहिला स्टेंट चेपून बंद झाला होता. त्यात दुसरा घातला, पण तोवर हृदय फार दुबळं झालं होतं. घरी आणल्यावर माझ्याशेजारी त्यांची खाट टाकली.

"एवढं दुखत हुतं, तर का सांगितलं न्हाईसा?" बायाक्कांनी विचारलं.

"मागल्या खेपंला तू दवाखान्यात फरशीवर निजलीस. परत तुला तिथं निजवू व्हय?"

"निजले असते की," त्या म्हणाल्या. "जलमभर निजले असते."

यमनाप्पांनी तोंड भिंतीकडं वळवलं. उन्हाळा लागायच्या आधी ते गेले.

आता माझ्यावर धूळ बसते. सुवर्णा नुसतं डोकं धरून बसली, तरी बायाक्का तिचा हात सोडत नाहीत. खरं सांगेपर्यंत विचारत राहतात.

मित्रांनो, माझी निगा राखा, असं मी म्हणणार नाही. पण तुमच्या घरातलं कुणी छाती चोळत 'काही नाही' म्हणालं, तर ते ऐकू नका. त्यांना दवाखान्यात न्या. भांडून न्या.