लिफ्टच्या चिपमधल्या राखीव तारा

मित्रांनो, मी एक जुनी, जळकी चिप आहे. जळले मी, पण अक्कल मात्र साहेबांची गेली होती.

सहा मजल्यांच्या एका ऑफिसच्या लिफ्टमध्ये मी कामाला होते. माझ्या पोटात केसाहून बारीक तारा. इंजिनिअर बाईंनी प्रत्येक बटणासाठी तीन तारा दिल्या होत्या: एकाची, दोनाची, चाराची. ज्या जाळल्या त्यांची बेरीज म्हणजे मजला. एकदा जळलेली तार मात्र परत जुळत नाही. खोडरबर इथे चालत नाही. म्हणून बाईंनी शेजारी राखीव तारा ठेवल्या. एखादी तार आपोआप जळून गेली, की राखीव तारांशी ताळा करून मी चूक पकडायचे आणि सुधारायचे. नऊ वर्षांत चारदा सुधारली. कौतुक कोणाचं? लिफ्टमधल्या आरशाचं!

मग नवे मॅनेजर साहेब आले. माझा नकाशा पाहून त्यांनी बाईंना विचारलं,

"या तारा नुसत्या बसून काय करतात?"

"राखण करतात, साहेब."

"म्हणजे फुकट्या! तिथे माझं स्वागत लिहा."

"मग चूक झाली तर सुधारणार कशी?"

"रडगाणं नको, बाई. लिफ्ट बिघडली तर तुम्ही घरी!"

बाईंनी हात लावला नाही. साहेबांनी मेहुण्याला बोलावलं. त्या दिवट्याने माझा ताळा बंद केला आणि राखीव तारा जाळून लिहिलं, 'माननीय साहेबांचे स्वागत असो'. लिफ्टच्या आत, दारावरच्या पाटीवर लाल अक्षरं झळकली. टाळ्या साहेबांनी स्वतःच वाजवल्या.

आठवड्याने मालकीणबाई आल्या. साहेबांनी ऐटीत तीनचं बटण दाबलं. नेमकी तेव्हाच त्यातली चाराची तार आपोआप जळली. तीन आणि चार, सात! सातवा मजलाच नव्हता. लिफ्ट पाण्याच्या टाकीखाली जाऊन अडकली. दोन तास.

"सगळी त्या बाईंची चूक," साहेब घाम पुसत म्हणाले. "आजच घरी पाठवतो."

मालकीणबाई लाल अक्षरं वाचत होत्या. दुसरं होतंच काय वाचायला?

"हे स्वागतही त्यांनीच लिहिलं का हो?"

साहेब दाराच्या फटीतून ओरडले, "अहो बाई, ते आधी मिटवा!"

"मिटत नाही, साहेब," बाहेरून बाई म्हणाल्या. "राखीव तारा जाळून लिहिलंय ना तुम्ही."

साहेब घरी गेले. बाई राहिल्या. नव्या चिपमध्ये त्यांनी दुप्पट राखीव तारा ठेवल्या.

मी आता ड्रॉवरमध्ये, सुकलेल्या पेनांच्या शेजारी पडून आहे. मित्रांनो, गप्प बसलेला प्रत्येक जण रिकामा नसतो. त्याला जाळण्याआधी निदान विचारा तरी, बाबा काय करतोस म्हणून. माझं काय व्हायचं ते झालं. त्या माणसाचं स्वागत मला जन्मभर पोटात घेऊन बसायचंय.