पुढं चालणारी चौकट

भर दुपारी पठारावर फिरू नये, हे उंबरमाळीच्या वरच्या पाड्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण कंपनी काय शेंबड्या पोराला विचारून कामं लावते? ऊन डोक्यावर आलं की दगड, गवत आणि माणूस सारखंच तापतं, तेव्हाच हेल्मेटची खरी परीक्षा, असं स्वरूप सरांचं म्हणणं.

हेल्मेट वैमानिकांचं. डोळ्यांपुढच्या काचेवर हिरवे आकडे उमटतात, उंचीचे, दिशेचे. अंगाच्या उष्णतेवरून माणूस ओळखणाऱ्या त्याच्या कॅमेऱ्याला कुणी दिसलं की त्याच्याभोवती हिरवी चौकट उभी राहते आणि शेजारी अंतराचा आकडा. विमानात नेण्याआधी ते जमिनीवर तपासायचं, म्हणजे काच बाहेरून काळ्या कापडानं झाकायची आणि फक्त कॅमेऱ्याच्या चित्रावर भरवसा ठेवून चालायचं. चालणारा स्वरूप, कल्याणचा तरुण इंजिनिअर. त्याच्या कमरेला दोर, दोराचं दुसरं टोक पाड्यातल्याच प्रेमाच्या मुठीत. तिच्या दुसऱ्या हातात टॅब, त्याला दिसतं तेच तिलाही दिसायचं. कंपनीच्या मुरबाडच्या शेडमध्ये दिवसभर उभं राहून तारा जोडण्यापेक्षा हे काम बरं.

तिच्या बापाला मात्र हे काम डोळ्यांपुढं नको होतं. "कुठं पन जा गो, त्या पठारावर नको," देवराम म्हणायचा, आणि कारण विचारलं की मिठाची गुळणी. माणूसच तसा. प्रेमा लहान असताना तिची आई, बारकी, लाकडांना गेली ती परत आली नाही. देवरामनंच पाड्यात सांगितलं, "पलाली. कल्यानच्या जीपवाल्यासंगं." झालं! लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? पळालेलीची पोर, पळालेलीची पोर, हे ऐकतच प्रेमा वाढली. जुळत आलेलं लग्नही त्यापायी मोडलं. आई आपल्याला टाकून का गेली, एवढं एकदा कळावं, बाकी काही नको, असं तिला वाटायचं.

आज घरी पितरांचा दिवस होता. देवराम दरवर्षी कौलांवर पानं ठेवायचा. एक आज्याचं, एक आजीचं, आणि एक जरा बाजूला. ते तिसरं कुणाचं, हे प्रेमानं कधी विचारलं नव्हतं. असेल कुणी जुनं माणूस. लवकर परत यायचं कबूल करून ती सकाळी निघाली.

"प्रेमाताई, एवढ्या भरभर नका चालू," स्वरूप मधेच म्हणाला. "आणि पुढं कशाला गेलात? दोर सुटेल ना."

प्रेमा त्याच्या मागं होती.

तिनं टॅबमध्ये पाहिलं. हिरव्या चौकटीत एक बाई चालली होती, पाठमोरी, काष्ट्याचं लुगडं, डोक्याला फडकं. टॅब खाली केला की समोर नुसतं कमरेएवढं गवत. वर केला की बाई. ती जात होती तिथलं गवत वाकत नव्हतं. स्वरूप झपाझप पावलं टाकत होता, तरी अंतराचा आकडा काही केल्या कमी होईना.

बाई डावा पाय ओढत होती. बारकीला घोट्यावर फुरसं चावलं होतं, तेव्हापासून ती अशीच चालायची. प्रेमाच्या अंगावर सर्रकन काटा आला.

चकवा लागला की चालायचं नाही, खाली बसायचं, पायातल्या चपला उलट्या घालायच्या. पाड्यातलं कुणीही हे झोपेत सांगेल. पण प्रेमा काही बोलली नाही. उलट तिनं दोर सैल सोडला. वळू दे, एकदाच वळू दे, मला तोंड बघू दे! कडा पुढंच आहे हे तिला ठाऊक होतं. धोक्याची म्हणून आखलेली चुन्याची रेघ कालच्या सरीनं धुऊन नेली, हेही ठाऊक होतं. तरी ती दोर सोडतच राहिली. आईसाठी भुकेल्या जिवाला दुसऱ्याच्या आईचं लेकरू कुठलं दिसायला!

बाई थांबली आणि वळली. आईच होती. आजच्या प्रेमापेक्षाही कमी वयाची. पण ती प्रेमाकडे बघत नव्हती, मधेच उभ्या असलेल्या कुणाकडे तरी बघत होती. तिनं त्याच्यापुढं हात जोडले. मान हलवली, नको, नको. आणि छातीवर धक्का बसावा तशी मागच्या मागं गेली. चौकट खाली घसरली आणि अंतराचा आकडा वाढत गेला, वाढतच गेला.

"सर!" प्रेमानं सगळा जीव लावून दोर ओढला. स्वरूप पाठीवर आपटला. त्याच्या बुटाखालचा दगड सुटून कड्यावरून गेला, आणि तो खाली पडल्याचा आवाज कितीतरी वेळानं आला.

त्यानं हेल्मेट उपसून काढलं. तोंड पांढरंफटक. "तुम्ही मागं होता? मग ती कोण होती?"

प्रेमा दोर गुंडाळू लागली. कॅमेऱ्यात दोष आहे, असं स्वरूप स्वतःलाच सांगत राहिला आणि सामान भरू लागला.

ती घरी आली तेव्हा देवरामनं पानं नुकतीच कौलांवर ठेवली होती. पोरीची वाट बघून कंटाळला होता बिचारा. शेजारणी आपापल्या दारात उभ्या होत्या. आज्याचं पान कावळ्यांनी उष्टं केलं, आजीचंही केलं. तिसऱ्याकडे ढुंकूनही बघेनात. दरवर्षी हेच व्हायचं, आणि तिन्हीसांजेला देवराम ते पान गुपचूप गायीपुढं ठेवायचा.

"बा, ते बाजूचं पान कुनाचं?"

"तुझ्या आयचं," तो सहज बोलून गेला. इतक्या वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं ना.

"आय तर पलाली ना? मग जित्या मानसाचं पान पितरांत ठेवतात काय?"

देवरामचा हात तांब्यावरच थांबला.

प्रेमानं कौलांकडे बघून हात जोडले. आवाज अख्ख्या पाड्याला गेला. "आये, तू पलाली नव्हतीस! उद्या सगल्यांना घेऊन कड्याखाली उतरते. तुला घरी आनते."

देवराम भिंत धरून खाली बसला. "असंच," तो पुटपुटला, "असंच हात जोडले होते गो तिनं."

वर कौलावर कावळा उड्या मारत बाजूच्या पानाशी आला आणि त्यानं भातात चोच घातली.