गोदाबाईची दोरी

मित्रांनो, कारखान्यातलं लेथ मशीन तुम्ही पाहिलं असेल, निदान त्याचं चित्र तरी. मी त्याचा गावाकडचा आजा. मला खराद म्हणतात. दोन खुंट, त्यांच्यामध्ये आडवा फिरणारा दांडा आणि त्या दांड्याला वेढा घातलेली दोरी, एवढाच माझा संसार. एका माणसाने दोरीची दोन टोकं आळीपाळीने ओढायची, की दांडा एकदा पुढे फिरायचा, एकदा मागे. दांड्याच्या टोकाला लाकडाचा ठोकळा बसवलेला असे. समोर बसलेल्या दुसऱ्या माणसाने पुढच्या फेरीला त्यावर हत्यार टेकवायचं, मागच्या फेरीला उचलायचं. असं करता करता लाकडाच्या पोटातून काठवट बाहेर यायची. काठवट म्हणजे भाकरीचं पीठ मळायचं लाकडी भांडं. तुमच्या घरी आता स्टीलची परात असेल. तिच्याशी माझं वैर नाही. थोडं आहे, पण ते जाऊ द्या.

धामणगाव रेल्वे नावाच्या शहराजवळच्या एका गावात नत्थुजी नावाच्या कारागिराने मला घडवलं. एका मोडक्या बैलगाडीच्या सागवानी लाकडातून माझे खुंट निघाले. गाडीच्या जन्मात मी पुष्कळ हिंडलो असेन, पण या जन्मात मला छपरीतल्या जमिनीत पुरलं आणि मी तिथलाच झालो. नत्थुजीने आपल्या मुलाला, डोमाजीला, हत्यार धरायला शिकवलं. दोरी ओढायला डोमाजीची आई बसायची. पुढे डोमाजीचं लग्न झालं, अकोल्याकडची गोदाबाई सून म्हणून घरात आली, आणि हळद उतरते न उतरते तोच सासूने दोरी तिच्या हातात दिली.

डोमाजी म्हणजे तोंडाला कुलूप लावलेला माणूस. जेवताना भाजी हवी असली तरी नुसतं ताट पुढे सरकवणार. त्यातून त्या काळी सासू-सासऱ्यांसमोर नवरा-बायकोने बोलत बसायची रीत नव्हती. नवी नवरी दिवसभर घरात वावरायची, पण नवऱ्याचा आवाज काही तिच्या कानी पडायचा नाही. माझ्याजवळ मात्र दोघं समोरासमोर बसत. काम चालू आहे म्हटल्यावर सासूलाही काही म्हणता येत नसे.

सुरुवातीला गोदाबाई दोरीला फार हिसके द्यायची. हत्यार उडायचं, लाकडाला खड्डे पडायचे. डोमाजी नुसता कपाळाला आठ्या घालून बघायचा. शेवटी एकदा तो म्हणाला, "हळू ओढ. हिसका नको देऊ."

"मंग आधी सांगत काहून नाही?" गोदाबाई म्हणाली. "मले काय सपन पडते?"

डोमाजी हसला. त्याला हसताना मी प्रथमच पाहिलं. ते कुलूप तिथे उघडलं, आणि माझ्याजवळ बसलं की मग उघडंच राहू लागलं. हत्यार लाकडाला टेकलेलं असताना त्याला बोलता येत नसे, म्हणून तो फक्त मागच्या फेरीला बोलायचा. त्याचं एकेक वाक्य तुकड्यातुकड्यांनी बाहेर यायचं. "औंदा," मग एक ओढ. "कपाशी," पुन्हा एक ओढ. "बरी हाये." ऐकणाऱ्याचा जीव जाईल असं ते बोलणं. गोदाबाईला मात्र त्याची गोडी लागली होती.

त्यांचा मुलगा किशोर होणार ही बातमीसुद्धा डोमाजीला माझ्यासमोरच कळली, आणि त्या दिवशीची काठवट वाकडी झाली. सासू गेली तेव्हा दोघं माझ्याजवळ बसूनच रडली. भांडणंही इथेच झाली. भांडण झालं की दोरी जोरात ओढली जायची आणि काम लवकर उरकायचं. मला त्यांची भांडणं आवडायची.

आमच्या काठवटींचं नाव दूरवर होतं. डोमाजी ओल्या लाकडाची काठवट कातून थेट कुटाराच्या भुशात पुरून ठेवायचा, म्हणजे ती सावकाश वाळायची आणि तडकत नसे. मग तिला जवसाचं तेल चोपडायचं. बाजारात बाया बोटाने वाजवून काठवट घ्यायच्या. पोरीच्या लग्नात भांड्यांच्या ढिगावर डोमाजीची काठवट उपडी घातलेली असली, की पोरीची आई जरा मान ताठ करून बसायची. सगळे म्हणायचे, "डोमाजीची काठवट." गोदाबाईची काठवट असं कोणी म्हटल्याचं मला आठवत नाही. तिला त्याचं वाईटही वाटत नसे. मलाच वाटायचं.

पुढे स्टील आलं, आणि आमच्या छपरीत कोंबड्या अंडी घालू लागल्या. माझ्या दांड्यावर त्या बिनदिक्कत बसत. अलीकडे वारं पुन्हा फिरलं. अमरावतीच्या हॉटेलवाल्यांना लाकडी वाडगे हवेसे वाटू लागले, शहरातल्या बाया काठवटी शोधू लागल्या. काम आलं. पण तोवर गोदाबाईचा उजवा खांदा कामातून गेला होता. दोरी ओढून ओढून त्याचं वंगण संपलं, असं डॉक्टरने सांगितलं.

किशोर अकोल्याला जठारपेठेत राहतो, विजेच्या जळक्या मोटारींना नवी तार भरून द्यायचं त्याचं दुकान आहे. आईवर त्याचा फार जीव. आईचा खांदा पाहून त्याने स्वतःच्या हाताने एक मोटार तयार केली, गावी आणली आणि माझ्या दांड्याला पट्ट्याने जोडून दिली.

"माय, आता दोरी बंद," तो म्हणाला. "डॉक्टरनं सांगतलं ना तुले? हे दोरी चुलीत घालून टाक."

गोदाबाईने मान हलवली. डोमाजीने दोरी गुंडाळून खुंटीला टांगली. चुलीत काही घातली नाही.

मोटार वाईट नाही, मित्रांनो. खरं बोलायला हवं. तिच्यामुळे काम झपाट्याने होतं, वाडगे गुळगुळीत निघतात. पण तिची घरघर अशी, की डोमाजी कानात कापसाचे बोळे घालून बसू लागला. पहिले काही दिवस गोदाबाई दारात येऊन बसायची. काहीतरी बोलायची. डोमाजी बोळा काढून विचारायचा, "काय?" ती म्हणायची, "काई नाही." असं बऱ्याचदा झालं. मग तिने येणं सोडलं. आणि घरात तर तो पहिल्यापासूनच मुका. एकदा शेजारच्या माणिकबाईला ती म्हणाली, "घरात मानूस हाये का भिताड हाये, समजत नाही बापा." माणिकबाई हसली. गोदाबाई काही हसली नाही.

मी इथे छपरीत उभा होतो आणि मला फार वाईट वाटत होतं. पोराने आईचा खांदा वाचवला होता, त्याला कोण काय म्हणणार?

मग एके दुपारी खरंच लाईन गेली, सगळ्या गावाची वीज. मोटार बंद पडली. डोमाजीने कानातले बोळे काढले आणि तो नुसता बसून राहिला. गोदाबाई दारात आली. दोघांनी एकाच वेळी खुंटीकडे पाहिलं. डोमाजीने पट्टा उतरवला आणि माझ्या दांड्याला दोरीचा वेढा घातला. गोदाबाई आपल्या जागेवर बसली.

"बोरीले," डोमाजी म्हणाला, एक ओढ झाली, "औंदा," दुसरी ओढ झाली, "बोरंच नाहीत."

"तुमाले आता दिसलं?" ती म्हणाली. "म्या कवाची सांगून राह्यली." आणि लाईन येईस्तोवर त्यांच्या गप्पा चालल्या.

त्यानंतर आमच्या घरची लाईन वरचेवर जाऊ लागली. आधी आत स्टूल सरकवल्याचा आवाज यायचा. मग मोटार बंद पडायची. मग गोदाबाई पदराला हात पुसत दारात यायची आणि म्हणायची, "लाईन गेली." त्याच वेळी पलीकडे माणिकबाईची पिठाची चक्की बिनधास्त चालू असायची. ती विजेवरच चालते. म्हणजे फक्त आमच्याच भिंतीवरचा फ्यूज निघालेला असे. डोमाजी चक्कीच्या आवाजाकडे कान द्यायचा, गोदाबाईकडे बघायचा आणि म्हणायचा, "गेली का? ये मंग."

आता जे सांगतो ते आमच्या छपरीबाहेर कोणाला ठाऊक नव्हतं. अशा वेळी डोमाजी हत्यार लाकडाला टेकवतच नसे. केसभर वर धरायचा. लाकडाला हत्यार लागलं की दोरी जड होते आणि सगळा भार खांद्यावर येतो. न लागलं तर दोरी हलकी जाते. माझ्या पायाशी तेव्हा लाकडाचं एकही भुसकट पडत नसे. वाडगा जसाच्या तसा. ज्या बाईने सगळी उमर दोरी ओढली तिच्या हाताला कळणार नाही का, की समोर काम होत नाहीये? तिला कळत होतं. ती गप्प होती. तोही गप्प होता, म्हणजे त्या बाबतीत. एरवी बोलतच होता.

एका दुपारी आत काहीतरी जोरात आदळलं. जरा वेळाने गोदाबाई आली. तिचं कोपर खरचटलेलं होतं. "लाईन गेली," ती म्हणाली. डोमाजीने कोपराकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी तो घरातलं स्टूल घेऊन छपरीत आला. त्याचा एक पाय सैल झाला होता. त्याने माझ्यावर नवा, चांगला जाडजूड पाय कातला, स्टुलाला ठोकून बसवला, स्वतः वर उभं राहून पाहिलं आणि स्टूल होतं तिथे नेऊन ठेवलं.

मागच्या पोळ्याला किशोर आला. दुपारी बाहेर पडला होता, तो परत येतो तर घरातला पंखा बंद. माणिकबाईची चक्की मात्र चालू. विजेचं काम करणारा माणूस, तो सरळ बोर्डाकडे गेला. खाली स्टूल, वर फ्यूजची जागा रिकामी, आणि फ्यूज शेजारच्या कोनाड्यात नीट ठेवलेला. मग त्याला माझा आवाज ऐकू आला. दोरीचा. तो तरातरा छपरीकडे आला. त्याच्या चेहऱ्यावरचा राग मला दिसत होता. आज ही दोरी खरंच चुलीत जाणार, असं मला वाटलं. या दोघांना आता पुन्हा कोण बोलू देणार?

त्यांची दाराकडे पाठ नव्हती, पण त्यांचं लक्षही नव्हतं. डोमाजी बोलत होता, जुन्या सवयीने तुकड्यातुकड्यांनी.

"आपलं पोरगं," ओढ. "लय," ओढ. "चांगलं निंघालं."

"मंग त्याले सांगा ना तसं," गोदाबाई म्हणाली.

"त्याच्यासमोर," ओढ. "जमत नाही मले."

किशोर दाराशी थबकला. बापाच्या तोंडून एवढं बोलणं त्याने जन्मात ऐकलं नव्हतं.

"खांदा दुखते का?" डोमाजीने विचारलं.

"दुखते," गोदाबाई म्हणाली. "पन तिकडं एकटी बसून राह्यली त याहून जास्त दुखत होता."

किशोरने माझ्या पायाशी पाहिलं. खरादी माणसाचा मुलगा तो. जमीन झाडल्यासारखी स्वच्छ होती, एक भुसकट नव्हतं. बापाने हत्यार कुठे धरलंय ते त्याने पाहिलं. मग तो आला तसा, पाय न वाजवता, मागे गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो धामणगावला जाऊन वायर आणि सामान घेऊन आला. दिवसभर भिंतीवर त्याची ठोकाठोक चालली होती. संध्याकाळी त्याने आईला हाक मारली. चुलीशेजारी, तिला हातही वर करावा लागणार नाही एवढ्या खाली, त्याने एक बटन बसवलं होतं.

"माय, आता स्टुलावर नको चढू," तो म्हणाला. "हे दाबलं का बाबाची लाईन जाते."

गोदाबाई खाली मान घालून उभी राहिली. तिचे डोळे भरून आले होते. डोमाजीने मात्र एकदम जवसाच्या तेलाची शिशी उचलली आणि तो मला तेल चोपडू लागला. मला तेलाची काही गरज नव्हती. किशोर छपरीत आला, त्याच्या हातातून फडकं घेतलं आणि माझा दुसरा खुंट पुसू लागला. दोघं बराच वेळ पुसत राहिले.

मित्रांनो, जुन्या वस्तू सांभाळा असं मी तुम्हाला सांगणार होतो. ते तर कराच. पण घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या हातातलं काम काढून घ्यायला जाल, तेव्हा जरा त्यांच्याजवळ बसा. त्या कामासोबत त्यांचं आणखी काय काय जाणार आहे, ते आधी बघा. आराम द्या, पण त्यांना एकटं पाडू नका. एवढीच या जुन्या लाकडाची विनंती.

आता मला गप्प बसू द्या. पलीकडे चक्की चालू आहे, आणि आमच्या स्वयंपाकघरातलं बटन वाजलंय.