खुर्चीत कोण होतं?

मोफत कायदेशीर सल्ला केंद्रातल्या वकीलबाईंचा एक नियम होता. तक्रार करणाऱ्या बाईबरोबर जे कुणी येईल, त्याला आधी पोटभर बोलू द्यायचं. त्याचा साठा संपला की खरी तक्रार बाहेर येते. आज बरोबर मावशी आली होती, आणि मावशीचा साठा दांडगा होता.

"मी हिला तेव्हाच म्हटलं होतं, दातांच्या दवाखान्यात नको, कापडाच्या दुकानात लाग. पण आमचं कोण ऐकतंय."

"कापडाच्या दुकानात माणसांना हात नसतात का?" वकीलबाईंनी विचारलं.

मावशी जरा थंडावली. भाची खुर्चीच्या कडेवर टेकली होती. दातांच्या डॉक्टरकडे ती मदतनीस होती. डॉक्टरांच्या हातात हत्यारं द्यायची, पेशंटच्या तोंडातलं पाणी नळीने ओढून घ्यायचं, हे तिचं काम. डॉक्टरांचा हात सुरुवातीला चुकून लागायचा. पुढे ते चुकणं रोजचं झालं. तिने हटकलं, आणि त्याच आठवड्यात कामातल्या हलगर्जीचं कारण देऊन तिला काढून टाकलं. आता कुठल्याही दवाखान्यात गेलं की पहिला प्रश्न तोच: तिथून का काढलं? अशा छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या जिल्ह्याच्या समितीपुढे तिची तक्रार टिकली नाही, तर तो शेरा तिला जन्मभर पुरला असता.

वकीलबाईंनी डॉक्टरांनी समितीला दिलेलं उत्तर पुन्हा चाळलं. उत्तर गुळगुळीत होतं. उपचाराच्या खोलीत डॉक्टर आणि मदतनीस कधीच एकटे नसतात, सबब आरोप अशक्य, असं त्यात म्हटलं होतं.

"शेवटचं घडलं तेव्हा खोलीत कोण होतं?"

"कुणीच नाही."

"दार लावलेलं होतं?"

"नाही हो, काम चालू होतं. रूट कॅनल."

"कुणाचं?"

मुलगी गोंधळली. "पेशंटचं."

"मग कुणीच नाही कसं?"

"होत्या, पण त्या… पेशंट होत्या."

त्या धंद्याची ती सवयच. खुर्ची आडवी झाली, वरचा दिवा लागला, की आत आलेल्या माणसाची नुसती दाढ उरते. दाढेसमोर कुणी लाजत नाही, दाढेला कुणी साक्षीला बोलावत नाही. डॉक्टरही इतके दिवस हेच धरून वागले होते. उत्तर लिहिताना मात्र त्यांना सोयीने पेशंट आठवला होता.

"पलीकडच्या गल्लीतल्या चष्मेवाल्या बाई होत्या," मुलगी म्हणाली. "पण त्यांचा काय उपयोग? खुर्चीत बसल्या की डोळे गच्च मिटून घेतात."

"घ्या. जगाला चष्मे विकायचे आणि आपण डोळे मिटायचे," मावशीला राहवलं नाही.

दुसऱ्या दिवशी वकीलबाई एकट्याच चष्म्याच्या दुकानात गेल्या. कशासाठी आलो ते सांगितलं. बाई एक काच पुसत होत्या. ती केव्हाच लख्ख झाली होती, तरी पुसणं थांबेना.

"मी काही पाहिलं नाही. फार भित्री आहे मी."

"ऐकलं?"

"माझी दाढ अर्धवट आहे. वर कच्चं भरलंय. शिवाय डॉक्टर शेजारचे, त्यांची आई चष्मा माझ्याकडूनच नेते. उद्या समोरासमोर यायचं."

वकीलबाईंनी त्यांना मोजू दिलं. माणूस आपलं नुकसान मोजायला लागला की समजावं, त्याच्याकडे द्यायला काहीतरी आहे.

"ती मुलगी म्हणाली, डॉक्टर, हात काढा," बाई शेवटी म्हणाल्या. "मला वाटलं, माझ्या तोंडातला म्हणतेय. पण माझ्या तोंडात तेव्हा एकच हात होता. नेहमी दोन असतात. एकात आरसा, एकात सुई. आरसा त्यांनी काढून घेतला आणि तो हात परत आलाच नाही. डॉक्टर हसले. ती पुन्हा म्हणाली, हात काढा."

"तुम्ही काय केलंत?"

"तोंड उघडं ठेवलं." बाईंनी काच खाली ठेवली. "मग चूळ भरली आणि घरी आले. जाताना तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही."

बाईंनी काच उचलून खणात ठेवली.

"दाढेसाठी दुसरा डॉक्टर बघावा लागणार म्हणजे," बाई म्हणाल्या. "कधी यायचं ते सांगा."

समितीपुढे डॉक्टरांच्या वकिलांनी तिथेच बोट ठेवलं. "डोळे मिटलेले, मग तुम्हाला कळलं कसं?"

"तोंडात किती हात आहेत ते कळायला डोळे लागत नाहीत," बाई म्हणाल्या. समितीतल्या एका गृहस्थांचा हात नकळत स्वतःच्या गालाकडे गेला.

अध्यक्षबाई डॉक्टरांकडे वळल्या. "दुसरा हात कुठे होता?"

"हत्यार घेत असेन. इतकं कुणाच्या लक्षात राहतं?"

"हत्यार मी हातात देते," मुलगी म्हणाली. तिला कुणी विचारलं नव्हतं. "त्यांना घ्यायला जावं लागत नाही. हात पेशंटजवळच राहावा, म्हणून तर मदतनीस ठेवतात."

डॉक्टरांनी आपल्या वकिलांकडे पाहिलं. वकिलांनी समोरचे कागद सारखे केले.

"मग तो हात कुठे होता, तुम्ही सांगा," अध्यक्षबाई म्हणाल्या.

मावशी उठायला लागली. वकीलबाईंनी तिचा पदर धरून तिला खाली बसवलं.

"माझ्या मांडीवर. आतल्या बाजूला. माझ्या एका हातात नळी होती, दुसऱ्यात कापूस. ढकलता येईना, म्हणून तोंडाने सांगितलं. दोनदा."

लेखनिक खाली मान घालून लिहीत होता. लिहून झाल्यावर त्याने वाचून दाखवलं: डॉक्टरांनी तक्रारदाराच्या कमरेजवळ हात ठेवला.

"कमरेजवळ नाही," मुलगी म्हणाली. "मांडीवर, आतल्या बाजूला. मी म्हटलं तसं लिहा."

लेखनिकाने अध्यक्षबाईंकडे पाहिलं.

"खोडा ते," त्या म्हणाल्या. "त्या सांगतात तसं लिहा."

महिन्याभराने निकाल आला. ते वाक्य त्यात मुलीच्या शब्दांत होतं. खाली लिहिलं होतं: तक्रार खरी, कामावरून काढणं गैर, हलगर्जीचा शेरा रद्द.