कात्रीने सांधलेला मास्तर

मास्तर अडखळायला लागला त्याला दीड वर्ष होऊन गेलं, तरी चार हजार श्रोत्यांपैकी एकालाही त्याचा पत्ता लागला नाही, कारण कात्री आपल्या कामात भलतीच हुशार होती.

मास्तर काही शाळेत शिकवत नव्हता. गेली पंचवीस वर्षं तो एका औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभा राहून गोळ्या मोजून द्यायचा. मास्तर हे नाव खेळातलं. फासे टाकून गोष्ट रचायचा तो खेळ. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातली पात्रं होऊन आपण काय करणार ते ठरवायचं, आणि ते साधलं की फसलं ते फाशांनी सांगायचं. गोष्ट सांगणारा तो मास्तर. पात्रं व्हायला दोघं होती, शिंपी आणि कात्री. शिंपी खराखुरा शिंपी होता. कात्री मात्र दिवसभर लोकांचे कान तपासायची आणि त्यांना श्रवणयंत्रं बसवून द्यायची. कात्री हे नाव तिला मिळालं ते या खेळाच्या पॉडकास्टमुळे, कारण रेकॉर्डिंग कापायचं काम तिच्याकडे होतं.

सहा वर्षांपूर्वी शिंपी म्हणाला होता, एवढ्या बाता मारतो आपण, तर चार लोकांना ऐकवू तरी. तेव्हापासून दर रविवारी सकाळी तिघं त्याच्या दुकानामागच्या खोलीत बसत. तिथे चारी भिंतींना शिवायचे कोट टांगलेले आणि कापडाचे तागे रचलेले, त्यामुळे आवाज घुमत नसे. फासे टेबलावर खडखडत म्हणून शिंप्याने अस्तराच्या कापडाची एक चौकोनी गादी शिवली. पहिल्या भागाला एकोणीस श्रोते मिळाले. त्यातले अकरा शिंप्याची गिऱ्हाइकं होती, ज्यांचे कपडे अजून त्याच्या ताब्यात होते. पुढे ऐकणारे वाढत गेले. घरातली आजारपणं झाली, शिंप्याचा हात मोडला, पण रविवार म्हणून चुकला नाही. हौसेचं काम हट्टावर चालतं, आणि हट्टाच्या बाबतीत तिघंही एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं असे होते.

दोन-अडीच तासांच्या रेकॉर्डिंगमधून कात्री मंगळवारी आणि बुधवारी कामावरून आल्यावर तासाभराचा भाग काढायची. खोकला, खुर्चीची करकर, शिंप्याचं दर दोन वाक्यांनी येणारं "म्हणजे काय झालं माहितीये का", सगळं उडवायचं. मास्तर मध्येमध्ये थांबायचा तेही. आधी ते थांबणं सगळ्यांसारखंच होतं. मग ते लांबत गेलं, आणि एका रविवारी नाव गळलं. काजळी नावाची नावाडीण हे मास्तरचं लाडकं पात्र, शंभरेक भाग तिने अखंड बडबड केलेली. त्या दिवशी मास्तर म्हणाला, "तेवढ्यात धुक्यातून येते ती... ती आपली... होडीवाली," आणि शिंप्याने घाईघाईने "काजळी आली वाटतं" म्हणून सावरून घेतलं. बुधवारी कात्रीने एका जुन्या भागातून मास्तरच्याच तोंडचं "काजळी" उचललं आणि त्या जागी बसवलं. शिंप्याचं सावरणं काढून टाकलं. पुन्हा ऐकून पाहिलं तर सांधा कुठे आहे ते तिचं तिलाच सापडेना. तिला तेव्हा स्वतःचा अभिमान वाटला होता.

पुढे नावांवर भागेना. अर्धी वाक्यं इकडून तिकडून आणून जोडावी लागायला लागली. मास्तरचा सहा वर्षांचा आवाज तिच्याकडे पडून होता, हवा तो शब्द मिळायचा. दमलाय बिचारा, असं ती मनाशी म्हणायची. दोस्तासाठी एवढं करायला काय हरकत आहे? मास्तर दर गुरुवारी नवा भाग ऐकायचा आणि तिला कळवायचा, "झकास झालाय." तिला बरं वाटायचं.

मग एका सोमवारी वहिनी, म्हणजे मास्तरची बायको, त्याला घेऊन कात्रीच्या तपासणी केंद्रात आली.

"अगं, याचे कान बघ एकदा," वहिनी म्हणाली. "एकेक गोष्ट तीनतीनदा सांगावी लागते. परवा दुकानात एकाला भलत्याच ताकदीच्या गोळ्या दिल्या. तो माणूस सावध, घरी जाऊन वाचलं आणि परत आला. नाहीतर काय झालं असतं सांग."

"ऐकण्यात चूक झाली," मास्तर हळू आवाजात म्हणाला.

"डॉक्टर म्हणत होते, स्मरणशक्तीची तपासणी करून घ्या. मी म्हटलं, अहो, हा माणूस दर आठवड्याला तासभर न अडखळता बोलतो, शंभर पात्रांची नावं तोंडपाठ आहेत याला. तुमचा मागचा भागच ऐकवला त्यांना. तेव्हा म्हणाले, मग आधी कान बघू."

तो भाग कात्रीनेच सांधलेला होता. तिने मास्तरला काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं, एवढंच. ती आवाज बारीक करत गेली. मास्तर दाबत गेला. जो आवाज पन्नाशीच्या माणसांना सहसा ऐकू येत नाही, तोही त्याने डोळे मिटून पकडला. क्षणभर तिच्या मनात आलं, आलेखावरचे दोन ठिपके जरा खाली सरकवावेत, थोडी उणीव आहे म्हणून सांगावं, सगळ्यांचीच सुटका होईल. तिने आलेख होता तसा छापला.

"कान उत्तम आहेत, वहिनी."

वहिनीने कागद बघितला, मग नवऱ्याकडे बघितलं. "म्हणजे सगळं ऐकू येतं आणि तरी तू लक्ष देत नाहीस. एवढंच ना?"

कात्रीने तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. ती कागदावर शिक्का मारत राहिली.

संध्याकाळी ती तडक शिंप्याच्या दुकानात गेली. तो मशीनवर बाही लावत होता.

"मास्तरचं तुला माहीत होतं?" तिने विचारलं.

"मला वाटलं तुला माहीत आहे. कापतेस तर तूच."

"आणि त्याला नावं कोण पुरवतं?"

"मग काय करू, तोंडघशी पडू देऊ त्याला?" शिंप्याने मशीन थांबवलं. "रविवार गेला तर त्याच्याकडे राहतं काय? त्या गोळ्या?"

"त्या गोळ्या उद्या चुकून कुणाच्या पोटात गेल्या म्हणजे?"

शिंपी बराच वेळ बाहीवरच्या सुरकुत्या हाताने सारख्या करत बसला. "सांगायला पाहिजे," तो शेवटी म्हणाला. "पण मला नाही जमायचं. तू सांग."

रविवारी कात्रीने वहिनीलाही बोलावून घेतलं. माइक लावलेच नाहीत. तिने लॅपटॉप उघडला आणि मागच्या आठवड्याचं न कापलेलं रेकॉर्डिंग लावलं. मास्तरचा आवाज म्हणाला, "दरवाजा उघडतो आणि आत... आत तो..." मग काही नाही. मग "थांबा हं." मग पुन्हा काही नाही. शिंपी दबक्या आवाजात म्हणाला, "राजा, मास्तर, बुडालेला राजा." मास्तर म्हणाला, "कोण राजा?" त्यानंतर कात्रीने तीच जागा लोकांनी ऐकलेल्या भागातून लावली. तिथे मास्तर एका दमात दरवाजा उघडून राजाला भेटत होता.

वहिनीने तोंडावर हात धरला होता. मास्तर जागचा हलला नाही.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"दीड वर्ष झालं."

तो कोसळेल अशी कात्रीला भीती होती. पण तो संतापला, आणि संतापातही त्याचा आवाज चढला नाही.

"मी दोनदा डॉक्टरची वेळ घेतली होती. हिला न सांगता. दुकानात औषधांची नावं सापडेनात. एकदा घराचं वळण चुकलो. दोन्ही वेळा आदल्या दिवशी आपला भाग ऐकला, आणि म्हटलं, छे, हा माणूस तर ठणठणीत आहे, मनाचे खेळ आहेत सगळे. वेळ रद्द केली." तो थांबला. शिंप्याने शब्द पुरवला नाही. "मी माझ्यावर विश्वास ठेवला नाही गं. तुझ्या भागावर ठेवला."

तुझ्यासाठीच केलं, हे शब्द कात्रीच्या ओठांवर आले होते. ते तिने गिळले. "चुकलं माझं," ती म्हणाली, आणि तिला रडू आवरेना. तिच्याकडे कुणी बघत नव्हतं. वहिनीने नवऱ्याची बाही धरली होती आणि ती त्याला म्हणत होती, "आणि मी तुला बोलले. लक्ष देत नाहीस म्हणून बोलले."

तीन आठवडे पॉडकास्टचा भाग निघाला नाही. श्रोते विचारत राहिले. मग वहिनीचा फोन आला, कोरडा, कामापुरता. नव्या डॉक्टरांना सुरुवात नेमकी कधी झाली ते हवं होतं, आधी नावं गेली की वाक्यं, आणि किती झपाट्याने. घरात कुणालाच सांगता येत नव्हतं. जुनी रेकॉर्डिंगं असतील ना?

नव्हती. कात्री फक्त शेवटच्या तीन महिन्यांची कच्ची रेकॉर्डिंगं ठेवायची, त्याआधीची जागा करायला पुसून टाकायची. उरले होते ते तिने कापलेले, सांधलेले भाग. आपलेच सांधे आता आपल्याच कानांनी शोधून काढायला हवे होते.

शनिवारी दुपारी मास्तर स्वतः वही घेऊन कात्रीच्या घरी आला. चहाला नको म्हणाला. दोघं जेवणाच्या टेबलाशी शेजारी बसली, एकेक इअरफोन वाटून घेतला. कात्री एखाद्या जागी थांबवून म्हणायची, "इथलं काजळी मी बसवलंय," आणि मास्तर तारीख लिहून तिच्यापुढे 'नाव' असं लिहायचा. "हे अर्धं वाक्य जुनं आहे." तारीख, पुढे 'वाक्य'. अशा उड्या मारत दोन तासांत दोघं चौदा महिने मागे गेली.

मग एक भाग लागला ज्यात बुडालेला राजा पहिल्यांदा काजळीच्या होडीत बसतो. "मला पलीकडे नेऊ नकोस," राजा म्हणतो. "पलीकडे माझं कुणी राहिलेलं नाही. मला नुसतं पाण्यात फिरव." ती वाक्यं आवडली म्हणून किती श्रोत्यांनी मुद्दाम कळवलं होतं. मास्तरने इअरफोन काढून हातात धरला.

"छान आहे हे," तो म्हणाला. "हे मी बोललो होतो? की तू जोडलंस?"

कात्रीने पुन्हा ऐकलं. श्वास जागच्या जागी होते, आवाज एकसारखा होता. हा भाग करायला तिला तीन संध्याकाळी लागल्या होत्या एवढं आठवत होतं, पण त्या कुठल्या जागेवर गेल्या ते आठवत नव्हतं. तिने आवाज वाढवून ऐकलं. मग दोन्ही इअरफोन स्वतःच्या कानांत घालून तिसऱ्यांदा ऐकलं.

"सांग ना," मास्तर म्हणाला. "एवढं तरी माझं आहे का?"

"कळत नाही, मास्तर," ती म्हणाली. "खरंच कळत नाही."

मास्तरने पेन वहीवर टेकवलं. मग त्याने तारीख लिहिली आणि पुढची जागा कोरी सोडली.